मोठ्या सामन्यात मुलगी बॉल मागायचंच थांबवते, काय करावं?

ताई, तुम्ही लिहिलंय की तुमची १५ वर्षांची मुलगी बास्केटबॉलमध्ये गार्ड (बॉल पुढे नेणारी खेळाडू) म्हणून खेळते, सरावात मोकळी असते, पण जिल्ह्याच्या सेमीफायनलला शेवटच्या क्वार्टरमध्ये (सामन्याच्या चौथ्या भागात) तिनं बॉल मागणंच सोडलं आणि घरी येऊन म्हणाली, ‘मला पास देऊच नका.’ पुढच्या महिन्यात विभागीय स्पर्धा आहे. तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: मोठ्या सामन्यात न डगमगणाऱ्या मुली जन्मतःच तशा असतात का, आणि तुम्ही दोघांनी मॅच बघायला जावं का.

मी नागपुरातच खेळले, विद्यापीठाच्या टीमपर्यंत, आणि आता रोज सकाळी मुलींना शिकवते. तुमच्या मुलीसारख्या पोरी मी दरवर्षी बघते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी तिला एक जुनी मॅच दाखवा. २०१८ ची अमेरिकेतली महिलांची कॉलेज फायनल, नोटर डेम विरुद्ध मिसिसिपी स्टेट. नोटर डेमची आरिके ओगुनबोवाले ही गार्ड. दोनच दिवस आधी सेमीफायनलला कनेक्टिकटविरुद्ध ओव्हरटाइमच्या शेवटी तिच्याच बास्केटनं टीम जिंकलेली. फायनलमध्ये मात्र टीम एका वेळी १५ गुणांनी मागे होती. आरिकेनं त्या दिवशी २१ शॉट मारले, त्यातले १५ हुकले. आणि तरी ५८-५८ असताना, शेवटच्या तीन सेकंदांत बॉल तिच्याकडेच आला, तिनं तोल जात असताना तीन गुणांचा शॉट मारला आणि तो पडला. ६१-५८.

हा व्हिडिओ सगळे दाखवतात. पण पुढच्या वर्षीची फायनल क्वचितच कुणी दाखवतं, तीही दाखवा. २०१९, समोर बेलर. आरिकेचे ३१ गुण. १.९ सेकंद उरलेत, टीम ८०-८२ अशी मागे आणि तिला दोन फ्री थ्रो मिळालेत (समोरच्यांच्या फाउलमुळे मिळणारे, कुणी न अडवता मारायचे एकेका गुणाचे शॉट). पहिलाच हुकला. बेलर ८२-८१ नं जिंकली. काही दिवसांत ती डॅलसकडून व्यावसायिक लीगमध्ये गेली आणि २०२० मध्ये त्या लीगमध्ये सरासरी सर्वांत जास्त गुण तिचेच होते.

मुलीला विचारा, या दोन सामन्यांत आरिकेचं काय बदललं? बॉल मागणं तर बदललं नाही. १५ शॉट हुकल्यावरही तिनं मागितला, आणि जगासमोर फ्री थ्रो हुकल्यावर पुढच्या मोसमातही मागितला. माझ्या मते मोठ्या सामन्यातला आत्मविश्वास तो एवढाच. भीती तिलाही वाटत असणार. छातीत धडधड, हात गार, घसा कोरडा हे सगळ्यांना होतं. पण मागचा शॉट पडला की हुकला, यावर पुढचा शॉट मारायचा की नाही हे तिनं सोडलेलं नाही. आणि हे शिकता येतं. म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर ठाम ‘नाही’ आहे.

आता ते शिकवायचं कसं? तुमच्या मुलीनं ‘पास देऊ नका’ म्हटलं, त्यात मला एक गोष्ट ऐकू येते. तिच्या डोक्यात तिचं काम एकच आहे, बास्केट करणं. दोन शॉट हुकले की तिच्यापाशी मैदानावर करायला काही उरत नाही, मग ती कोपऱ्यात सरकते. मी प्रत्येक मुलीला सामन्याआधी दोन अशी कामं देते जी रिंगवर अवलंबून नाहीत. गार्डला सांगते: आठ सेकंदांच्या आत बॉल अर्ध्या रेषेपलीकडे नेणं ही तुझी जबाबदारी, आणि समोरच्या गार्डला तिच्या आवडत्या बाजूनं जाऊ द्यायचं नाही. शॉट पडोत न पडोत, ही कामं संपत नाहीत. शॉट हुकला की मान खाली घालून उभं राहायला तिला वेळच नसतो, कारण परत धावून डिफेन्सला उभं राहायचं असतं. आणि डिफेन्समध्ये एक बॉल काढून घेतला की पुढचा शॉट आपोआप मोकळा येतो. मुलीच्या सरांशी किंवा मॅडमशी बोलून अशी दोन कामं ठरवून घ्या. तिच्याच तोंडून ठरली तर अजून चांगलं.

यापेक्षाही महत्त्वाचं, आवाज. मुलगी घाबरली हे मला तिच्या शॉटवरून कळत नाही, ती गप्प झाली की कळतं. बास्केटबॉल हा बोलण्याचा खेळ आहे. ‘बॉल!’, ‘स्क्रीन डावीकडून!’, ‘माझी आहे ती!’ हे सतत चालू लागतं. आणि आपल्या मुलींना घरी, शाळेत, रस्त्यावर हळू बोलायला शिकवलेलं असतं. मुलगा मैदानात ओरडला तर जोश, मुलगी ओरडली तर लोक वळून बघतात. ती सवय एका सकाळी जात नाही. आमच्याकडे न मागता पास द्यायचाच नाही, असा नियम आहे. नाव घेऊन, मोठ्यानं मागायचा. नव्या पोरी पहिल्या आठवड्यात इतक्या हळू मागतात की तीन फुटांवर ऐकू येत नाही. महिन्याभरात मैदानाबाहेरच्या रस्त्यावर ऐकू जातं. जी मुलगी सरावात रोज ओरडून बॉल मागते तिला फायनलमध्ये नवीन काही करावं लागत नाही. तुमच्या मुलीसाठी एकच गोष्ट करायची झाली तर हीच करा, आणि घरी तिचा आवाज वाढला की ‘हळू बोल’ म्हणू नका.

फ्री थ्रोवर थोडं थांबते, कारण शेवटच्या मिनिटांतले बहुतेक सामने तिथेच ठरतात. क्वार्टरमध्ये टीमचे चार फाउल झाले की पाचव्यापासून समोरच्यांना दोन फ्री थ्रो मिळतात, आणि हरणारी टीम मुद्दाम फाउल करते. बॉल हातात आल्यापासून पाच सेकंदांत मारायचा असतो. सगळे थांबलेले, सगळे तिच्याकडे बघताहेत. इथे मुली एक चूक करतात, किंवा बेंचवरून त्यांच्याकडून ती करवून घेतली जाते: त्या स्वतःच्या हाताचा विचार करायला लागतात. हजारो वेळा मारलेला शॉट हाताला पाठ असतो. ‘कोपर आत घे, मनगट सोड’ असं डोक्यात चालू झालं की पाठ झालेली हालचाल तुकड्यातुकड्यांनी होते आणि बॉल रिंगच्या पुढच्या कडेला लागतो. म्हणून फ्री थ्रोच्या वेळी बाहेरून तंत्र ओरडून सांगू नये, हे मी पालकांना आणि धाकट्या कोचेसना कळकळीनं सांगते.

त्याऐवजी नजर. कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठाच्या जोन विकर्स यांनी १९९६ मध्ये महिला खेळाडूंच्याच फ्री थ्रोचा अभ्यास केला होता. ज्यांचे जास्त पडत होते त्यांची नजर हात हलायच्या आधी रिंगवर एका जागी जास्त वेळ, साधारण एक सेकंद, स्थिर राहत होती. बाकीच्यांची नजर भिरभिरत होती. आमच्या पोरींचा क्रम ठरलेला आहे: बॉलचे जमिनीवर दोन टप्पे, एक लांब श्वास बाहेर, रिंगच्या मागच्या कडेवर नजर, शॉट. पाच सेकंदांत आरामात बसतो. मात्र याचा सराव दमल्यावरच करायचा. सकाळी ताज्या पायांनी सलग पन्नास फ्री थ्रो मारणं मनाला बरं वाटतं, सामन्यात त्याचा उपयोग कमी. कोर्टच्या चार फेऱ्या पळून या, दोनच मारा, परत पळा. सामन्यात दोनच तर मिळतात.

काही ठिकाणी एकीचा फ्री थ्रो हुकला की सगळ्या टीमला पळवतात, दडपणाची सवय व्हावी म्हणून. मला ते पटत नाही आणि मी ते करत नाही. माझा शॉट हुकला तर मैत्रिणींना शिक्षा, हेच त्यातून मुलगी शिकते. मग फायनलला ती शॉट घेईलच कशाला?

मैदान बदलल्याचा परिणाम लोक लक्षात घेत नाहीत. आपल्या बहुतेक पोरी शिवाजीनगर, धंतोलीसारख्या ठिकाणी उघड्यावर खेळून मोठ्या होतात. बोर्डामागे झाडं, आकाश, इमारती. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा पहाटेच सराव. आणि मोठी स्पर्धा एकदम बंदिस्त हॉलमध्ये. लाकडी फ्लोअर, काचेचा बोर्ड, मागे खुर्च्या आणि दिवे. रिंग तीच १० फुटांवर, पण डोळ्यांना अंतर वेगळं वाटतं, बॉलची उसळीही वेगळी. पहिले चार शॉट हुकतात आणि मुलगी समजते की आपण घाबरलो. ती घाबरलेली नसते, डोळे अजून रुळलेले नसतात. जमलं तर आदल्या दिवशी, नाहीतर सकाळी लवकर त्या हॉलमध्ये जाऊन प्रत्येक बाजूनं, जवळून सुरू करत करत शॉट मारून घ्यावेत. आणि तिला आधीच सांगून ठेवावं की पहिली काही मिनिटं असं होईल.

आता जे मैदानावर कुणी बोलत नाही ते. शेवटच्या क्वार्टरमध्ये खचणाऱ्या मुलीचं हिमोग्लोबिन तपासून घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला होता. म्हणजे टीममधल्या निम्म्याहून जास्त पोरी. तिसऱ्या क्वार्टरनंतर पाय जड होतात, दम लागतो, शॉट कमी पडतो, आणि बाहेर बसलेले म्हणतात, ‘हिच्यात हिंमत नाही.’ रक्ताची तपासणी साधी आहे, पुढचं डॉक्टर सांगतील. तुम्ही ‘शेवटच्या क्वार्टरमध्ये’ असं लिहिलंत म्हणून मला हे मुद्दाम सुचवावंसं वाटलं.

आणि पाळी. पांढरी शॉर्ट्स असली आणि तारीख जवळ असली की मुलगी रिबाऊंडला (हुकून परत आलेला बॉल पकडायला) उडी मारत नाही, फ्लोअरवर पडलेल्या बॉलसाठी झेपावत नाही. हे मी इतक्यांदा पाहिलंय की आमच्या टीमला आता गडद रंगाच्याच शॉर्ट्स असतात. विम्बल्डननंसुद्धा २०२३ पासून महिलांना आत गडद रंगाच्या शॉर्ट्स घालायला परवानगी दिली. तुमच्या शाळेच्या किटबद्दल बोलून बघा, चार आयांनी मिळून सांगितलं तर ऐकतात.

समोर पुण्या-मुंबईची टीम आली की आपल्या पोरी वॉर्मअपलाच त्यांच्याकडे बघत बसतात. त्यांचे बूट, उंची, त्यांचे कोच. त्यावर मी जास्त बोलत नाही, फक्त आठवण करून देते की २०२५ च्या जुलैमध्ये बातुमीला महिला बुद्धिबळ विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात कोनेरू हंपीसमोर बसलेली १९ वर्षांची दिव्या देशमुख नागपूरचीच होती. मानांकनात १५ वी. दोन्ही क्लासिकल (लांब वेळेचे) डाव बरोबरीत सुटले, मग टायब्रेकमध्ये (कमी वेळेच्या जादा डावांत) ती जिंकली. आणि २०२२ मध्ये बॅडमिंटनच्या इंडिया ओपनला सायना नेहवालला हरवणारी मालविका बनसोडही इथलीच. उंचीचा विषय निघाला तर मिसिसिपी स्टेटची मॉर्गन विल्यम शोधून दाखवा, ५ फूट ५ इंच. २०१७ मध्ये कनेक्टिकटची सलग १११ विजयांची मालिका तिच्या शेवटच्या क्षणीच्या शॉटनं तुटली.

तुमचा दुसरा प्रश्न. तुम्ही जावं. पण आधी तिला विचारा की तिला कुणी यायला हवंय, आणि ती ‘फक्त आई’ म्हणाली तर बाबांनी मनाला लावून घेऊ नये. बेंचच्या मागे बसू नका, लांब समोरच्या बाजूला बसा. सूचना ओरडू नका, एकाच वेळी कोचचा आणि आईचा आवाज आला की मुलगी दोन्हीकडे बघते आणि तिचा बॉल जातो. टाळ्या वाजवायच्या तर चांगल्या पासला आणि डिफेन्सला जास्त वाजवा, तिला ऐकू येतं. दहावीचे क्रीडा गुण, राज्याला निवड, नोकरीतलं आरक्षण हे विषय स्पर्धा संपेपर्यंत घरात काढू नका. ते तिला माहीत आहेत, शाळेत रोज ऐकते ती.

परतताना गाडीत सामन्याबद्दल तुम्ही सुरुवात करू नका. ती बोलली तर ऐका, गप्प बसली तर बसू द्या, भूक लागली असेल तर खाऊ घाला. ‘तो शॉट का नाही घेतलास’ हे तर विचारूच नका. फार तर दुसऱ्या दिवशी विचारा की ठरवलेल्या दोन कामांपैकी कुठलं जमलं. महिनाभर वेळ आहे, आवाजापासून सुरुवात करा. आणि विभागीय झाल्यावर इथेच कळवा, निकाल काहीही लागो. कुठे अडलं हे नीट लिहिलंत तर पुढचं सांगता येईल.