सोन्याच्या खाणीचे शेअर घेतोयस? आधी हे वाच

हे बघ भाऊ, आजीने सराफ्यातून घेतलेली पाटली आणि खाण कंपनीचा शेअर, दोन्ही सोनंच असं समजू नकोस. समज सोनं 2000 डॉलर औंस आणि काढायचा खर्च 1500, म्हणजे नफा 500, आता सोनं 10 टक्के वाढून 2200 झालं की नफा 700, थेट 40 टक्के जास्त, पण पडतानाही तसंच, आणि डिझेल-मजुरी महागली तर सोनं जागेवर असून शेअर झोपतो.

मी पहिल्या वर्षी रोज घे-विक केली, माझे खाण शेअर अमेरिकेच्या बाजारातले, तो आपल्याकडे संध्याकाळी उघडतो ना, मित्र इंदूरच्या सराफ्यात (रात्री तिथे खाऊगल्ली भरते) भुट्ट्याचा कीस खातायत अन् मी मोबाईलमध्ये डोकं घालून, शेवटी कमाई ब्रोकरेज आणि डॉलरच्या चार्जेसमध्येच गेली.

पण घेऊन विसरायचं हेही इथे जमत नाही हां. 2011 ला सोनं 1900 डॉलरपर्यंत गेलेलं, डिसेंबर 2015 ला 1050 च्या आसपास आलं, आणि जीडीएक्स ईटीएफ, म्हणजे बऱ्याच सोन्याच्या खाण कंपन्यांचे शेअर एकत्र असलेला, शेअरसारखा घेता येणारा फंड, तोपर्यंत जवळपास 80 टक्के पडलेला. शिवाय खाण संपते, आपली कोलार 2001 ला बंदच झाली.

मी तरी थोडेच पैसे, पाच-सात वर्षांसाठी, आणि सगळे कंटाळलेले असताना लावतो. बहिणीच्या लग्नाचे नाही. आणि हुट्टी ही आपली सोन्याची खाण कंपनी शोधत बसू नकोस, ती कर्नाटक सरकारची, शेअर बाजारात लिस्टेडच नाहीये.