मार्गरीत द्युरास कादंबऱ्या लिहिता लिहिता सिनेमाकडे का वळली?

फ्रेंच कादंबरीकार म्हणून नाव झालेलं असताना द्युरासला पन्नाशीनंतर स्वतः सिनेमे का काढावेसे वाटले, असं तुम्ही विचारलंय. तिच्या कादंबऱ्यांवर दुसऱ्यांनी केलेले सिनेमे तिला पटले नाहीत, हे मला सगळ्यात मोठं कारण वाटतं.

तिचा जन्म १९१४चा, आजच्या व्हिएतनाममधल्या सायगावजवळचा. वडील लवकर गेले. शिक्षिका असलेल्या आईनं आयुष्यभराची पुंजी घालून कंबोडियात जमीन घेतली आणि दरवर्षी समुद्राचं खारं पाणी भातशेतीत शिरू लागलं. त्या पाण्याला बांध घालू पाहणाऱ्या आईवर द्युरासनं १९५० साली कादंबरी लिहिली. १९५८ मध्ये रने क्लेमाँनं त्या कादंबरीवर सिनेमा केला, १९६० मध्ये पीटर ब्रूकनं तिच्याच 'मोदेरातो कांताबिले' या कादंबरीवर. या दुसऱ्या सिनेमासाठी अभिनेत्री जान मोरोला कान महोत्सवात अभिनयाचं पारितोषिक मिळालं, पण द्युरासचं समाधान झालं नाही. मधल्या काळात, १९५९ मध्ये, तिनं दिग्दर्शक आलँ रेनेसाठी 'हिरोशिमा मोनामूर'ची पटकथा लिहिली होती. पडद्यावर एक दिसतंय आणि आवाज काही वेगळंच सांगतोय, ही तिची वाट मला तिथेच सुरू झालेली दिसते.

१९६७ मध्ये तिचा स्वतःचा 'ला म्युझिका' आला, एका सहदिग्दर्शकासोबत केलेला. पुढचे काही सिनेमे सोडून मी थेट १९७५च्या 'इंडिया साँग'कडे येतो, कारण माझा जीव त्यात अडकलाय. कथा १९३७च्या कलकत्त्यातली, फ्रेंच वकिलातीतली. (तेव्हा राजधानी दिल्ली होती, पण द्युरासचं कलकत्ता नकाशावरचं नाहीच.) चित्रीकरण फ्रान्समधलं, वकिलातीची इमारत म्हणून दिसतो तो पॅरिसला लागून असलेला रोथशिल्ड घराण्याचा पडका वाडा. देल्फीन सेरिग आणि बाकीचे नट पडद्यावर एकदाही ओठ हलवत नाहीत. संवाद, कुजबुज, कार्लोस दालेस्सिओचं संगीत, सगळं चौकटीबाहेरून येतं. लाओसमधल्या सावन्नाखेतहून चालत आलेली भिकारीण तर दिसतच नाही, फक्त तिचं गाणं आणि हसणं ऐकू येतं. पहिल्यांदा पाहताना मी अर्ध्या तासानं कथानक शोधणं सोडलं आणि कान देऊन बसलो. हेडफोन लावूनच पाहा, ही कळकळीची विनंती.

पुढच्याच वर्षी तिनं हाच ध्वनिपट जसाच्या तसा घेऊन त्याच ओसाड वाड्याच्या भिंतींवर वेगळा सिनेमा रचला. १९७७च्या 'ल कामियाँ'त ती आणि जेरार दपार्दिअ टेबलाशी बसून एका सिनेमाची संहिता वाचतात. अधूनमधून ट्रक रस्त्यानं जाताना दिसतो, बस्स. कागदावरचा शब्द तिनं शेवटी असा थेट पडद्यावर आणून बसवला.

१९८४ मध्ये, सत्तराव्या वर्षी, तिच्या 'लामाँ' (प्रियकर) या कादंबरीला गाँकूर हे फ्रान्सचं मानाचं साहित्य पारितोषिक मिळालं आणि पुस्तक जगभर पोचलं. दिग्दर्शक झाँ-जाक आनोनं त्यावर सिनेमा करायला घेतला, तेव्हा दोघांचं बिनसलं. मग द्युरासनं तीच गोष्ट नव्यानं लिहून १९९१ मध्ये, आनोच्या सिनेमाच्या आदल्याच वर्षी, प्रसिद्ध केली. त्या कादंबरीत सिनेमा केलाच तर दृश्य कसं घ्यावं, याच्या सूचनाही तिनं लिहून ठेवल्या आहेत.