बांधावर गिरिपुष्प लावलं तर युरिया बंद करता येईल का?

अडीच एकर कोरडवाहू, त्यात कापूस, तूर, ज्वारी. बांधावर गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया, भराभर वाढणारं शेंगवर्गी झाड) लावून युरिया बंद होईल का, आणि पुण्याच्या टेकड्यांवरून जे झाड काढा म्हणतात ते आपण शेतात का लावायचं, असे दोन प्रश्न तुम्ही एकात विचारलेत. दुसरा प्रश्न माझ्या दुखऱ्या नसेवर बोट ठेवणारा आहे, त्याच्याकडे येतोच. आधी युरिया.

पूर्ण बंद होणार नाही. होईल म्हणून छातीठोक सांगणाऱ्यांनी कधी हिशेब मांडलेला नसतो. गिरिपुष्पाचा एक क्विंटल ओला पाला वाळला की वीस-बावीस किलो भरतो आणि त्यात नत्र (नायट्रोजन) तीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे जेमतेम ६५० ग्रॅम. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात पावणेएकवीस किलो नत्र असतं. म्हणजे एका पोत्याची बरोबरी करायला तीन टनांहून जास्त ओला पाला लागतो. हेक्टरी ७०० मीटर बांध, अर्ध्या मीटरवर एक झाड, वर्षाला सुमारे ३० किलो नत्र, हा आकडा तुम्ही ऐकला असेल. तो खोटा नाही, पण ७०० मीटरमध्ये शेताच्या आतले, उताराला आडवे घातलेले समतल बांधही धरलेले आहेत. तुमचं अडीच एकर, म्हणजे साधारण हेक्टरभर रान, चौकोनी असेल तर कडेचा बांध ४०० मीटरच. त्यावर ८०० झाडं बसतील आणि चांगली छाटणी केली तर तिसऱ्या वर्षापासून झाडामागे सव्वातीन किलो पाला, म्हणजे वर्षाला १७ किलो नत्र. पोतंभरही नाही. शिवाय पाल्यात स्फुरद (फॉस्फरस) अगदी कमी असतं, त्यामुळे सुपर फॉस्फेट सुटत नाही. मग लावायचं कशासाठी? जमिनीत सेंद्रिय कर्ब जातो, बांध धरून राहतो, सरपण निघतं आणि जनावरं हिरवा पाला सहसा तोंडाला लावत नसल्यामुळे राखण लागत नाही. त्यासाठी नक्की लावा.

लावायचं ते बियांपासून. फाटे (फांदीचे तुकडे) रोवून लवकर हिरवं दिसतं म्हणून सगळे फाटेच रोवतात आणि मुरमाड बांधावर मार्च-एप्रिलमध्ये ते वाळले की झाडाला नावं ठेवतात. फाट्याला सोटमूळ येत नाही. मुळं वरच्यावर आडवी पसरतात, त्यामुळे ओल सरली की झाड सुकतं, वाऱ्यात कलतं आणि पिकाच्या पहिल्या ओळीशी झगडतं. शेंगा एप्रिल-मेमध्ये पिवळसर तपकिरी झाल्या की तोडा आणि जाळीखाली किंवा पातळ कापडाखाली वाळवा. उघड्यावर ठेवल्यात तर त्या तडकतात आणि बी अंगणभर उडतं. रात्रभर साध्या पाण्यात भिजवून पिशवीत दोन-दोन बिया, सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर खोल. आठवड्याभरात उगवतात. दोन-अडीच महिन्यांत रोप हात-दीड हात झालं आणि जमीन चांगली भिजली की बांधावर न्या.

सामाईक बांध असेल तर शेजाऱ्याशी आधी बोला. सावली त्याच्या पिकावर पडली की भांडण झाडावरून सुरू होऊन मोजणीपर्यंत जातं.

फाटेच लावायचे असतील (कुंपणाला किंवा मिरीच्या वेलाला आधार म्हणून ते चालतात) तर किमान वर्षभराची, साल करडी-तपकिरी झालेली फांदी घ्या. हिरवी कोवळी फांदी कुजते. मीटर-दीड मीटर लांबी, खालचं टोक तिरकं, एक तृतीयांश जमिनीत. पहारीनं भोक पाडून मग रोवा. वरून ठोकत बसलात तर साल सोलली जाते आणि मुळं तिथूनच फुटायची असतात. वरखाली ओळखता यावं म्हणून कापतानाच खूण करा, उलटे रोवलेले फाटे फुकट जातात.

पहिलं वर्ष हात लावू नका. झाड छातीच्या वर गेलं आणि खोड धरलं की ७५ सेंटीमीटर ते एक मीटरवर तोडा. कोयता खालून वर, तिरका. वरून घाव घातला तर साल खालपर्यंत फाटते. पुढे वर्षाला तीन छाटण्या: पेरणीच्या आठ-दहा दिवस आधी, मग श्रावणात आच्छादनासाठी आणि पावसाळा संपता संपता रब्बीच्या ओलीत. करंगळीएवढ्या जाडीपर्यंतचंच जमिनीत गाडा. जाड काटक्या कुजताना मातीतलंच नत्र ओढून घेतात आणि पीक पिवळं पडतं, मग दोष गिरिपुष्पाला. पाला ओल्या मातीत वखरानं मिसळला तर लवकर कुजतो. उन्हात वर पसरून ठेवलात तर थोडं नत्र अमोनिया होऊन उडतं, फक्त ओल टिकते. आणि कापूस-ज्वारीला घाला, तुरीला नाही. तूर स्वतःचं नत्र स्वतः कमावते.

आता टेकड्या. १७६० मध्ये या झाडाला पहिलं शास्त्रीय नाव मिळालं ते रॉबिनिया वंशात. काश्मीर-हिमाचलात लावलेला रॉबिनिया त्याचा चुलतभाऊच, आणि दोघांवर आरोपही तोच: एकदा शिरला की निघत नाही. फरक असा की रॉबिनिया मुळांतून फुटवे सोडत पसरतो, गिरिपुष्प बियांनी. शेंग तडकली की बी वीस-पंचवीस मीटरवर सहज जातं. पण फुलं येतात ती न छाटलेल्या, जून झालेल्या फांद्यांवर. पावसाळ्याअखेरची छाटणी न चुकता करणाऱ्याच्या बांधावर शेंगा जवळपास दिसतच नाहीत. पुण्याच्या वेताळ टेकडीसारख्या ठिकाणी ते लावलं आणि तसंच सोडून दिलं. तिथे कोयता घेऊन कोण जाणार? मुळात टेकड्यांचा माथा आणि उतार गवताचा. गवताळ माळाला ओसाड समजून त्यावर कोणतंही झाड कोंबायचं, ही खोड जुनी आहे. मेक्सिको-मध्य अमेरिकेत कोकोला सावली देणारं झाड आपण गवतावर लावायचं आणि मग त्यालाच खलनायक ठरवायचं, हे मला कधीच पटलेलं नाही. ‘त्यावर पक्षी-किडे काही बसतही नाही’ असं म्हणतात, तेही थोतांड आहे, फेब्रुवारीत गुलाबी फुलांवर भुंगे बघा. पण टेकडीवरून ते काढा म्हणणारे बरोबरच आहेत, एवढं मान्य. फक्त एकदा तोडून फोटो काढू नका. खोड पुन्हा फुटतं, म्हणून मे-जूनमध्ये नवी पालवी आल्यावर जमिनीलगत तोडायचं आणि दोन पावसाळे दर महिन्याला फुटवे मोडायचे. उतारावर एकदम सगळं काढलं तर माती वाहून जाते.

थोडक्यात, दरवर्षी छाटणार असाल तर लावा, शहरात राहून शेत वाट्यानं देणार असाल तर लावू नका.

राहिलेल्या गोष्टी. काळ्या भारी जमिनीत पाणी साचत असेल तर मुळं कुजतात. हिवाळ्यात यावर काळा मावा येतो, तोच भुईमूग-चवळीवर आणि तुमच्या तुरीवरही जातो, तेव्हा त्या बाजूला लक्ष ठेवा. शेळ्यांना पाला द्यायचा तर दिवसभर सुकवून आणि एकूण चाऱ्याच्या पाव भागापर्यंतच. घोड्याला अजिबात नको. आणि या झाडाला उंदीरमारी म्हणतात म्हणून बांधावर लावल्यानं उंदीर पळतात अशा भ्रमात राहू नका. पाला बुरशी येऊन कुजला की त्यातल्या कुमारिनपासून रक्त गोठू न देणारं विष तयार होतं, म्हणून मध्य अमेरिकेत तो धान्यात मिसळून, आंबवून आमिष करतात. ते घरी करू नका, उंदराआधी कुत्रं किंवा कोंबडी खाईल.