आधी रिजेक्शनची वही उघडा

प्रश्न : शिरोलीत माझी फाउंड्री (धातू ओतून पार्ट बनवायचा कारखाना) आहे, साठेक माणसं आहेत. मी बी.कॉम. झालोय. मुलगा ‘एआय आणू या’ म्हणून मागे लागलाय, एका कंपनीनं पाच लाखांचं कोटेशनही दिलंय. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. सुरुवात कुठून करू? आमचे जुने स्टोअरकीपर धास्तावलेत, त्यांना काय सांगू?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : कोटेशन तूर्त कपाटात ठेवा. तीन महिने तरी सही करू नका.

मी तुमच्याच धंद्यातली. शिक्षण एम.ए. मराठी, आणि १९ वर्षं सासऱ्यांची फाउंड्री सांभाळतेय. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी हे प्रश्नांना उत्तरं देणारं एआय आलं, तरी पुढं वर्षभर मी त्याला हात लावला नाही. मग एका गिऱ्हाइकाकडून ब्लोहोलसाठी (ओतलेल्या पार्टमधल्या हवेच्या पोकळीसाठी) तिसऱ्यांदा डेबिट नोट, म्हणजे पैसे कापल्याचा कागद, आली आणि त्या रात्री मी रिजेक्शनची, म्हणजे खराब निघालेल्या नगांच्या नोंदीची, वही घेऊन बसले. गिऱ्हाइकाचं नाव येणार नाही असे सहा महिन्यांच्या पानांचे फोटो काढले, मोबाइलवरूनच चॅटजीपीटीवर चढवले आणि साध्या मराठीत सांगितलं : तारीख, पाळी, पार्ट, दोष, नग, असा तक्ता करून दे.

तक्ता दोन मिनिटांत आला. पण बेरीज वहीशी जुळेना. एकेक ओळ ताडून पाहिली, तर आमच्या सुपरवायझरच्या अक्षरातला ९ त्यानं १ वाचलेला. १९ नगांचे ११ झालेले. वही मला पाठ होती म्हणून ते सापडलं. तुम्हाला कॉम्प्युटर येत नसेल, पण तुमची वही तुमच्याइतकी त्या पाच लाखवाल्यांना वाचता येणार नाही.

आकडे दुरुस्त केल्यावर विचारलं, ब्लोहोल कधी जास्त? उत्तर आलं : सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीत. मी मोल्डिंगवरच्या, म्हणजे वाळूचे साचे करणाऱ्या, मामांकडे गेले. ते म्हणाले, “वैनी, सुट्टीनंतर सँड तपासल्याबिगर मिक्सर चालू करत्यात. मला कोन इचारतंय?” तेव्हापासून सुट्टीनंतर वाळूतलं मॉइश्चर (ओलावा) तपासल्याशिवाय साच्याचा पहिला बॉक्स भरायचा नाही, असा नियम केला. ब्लोहोल पुष्कळ कमी झाले. खर्च शून्य.

तुम्हीही असंच रोज डोकं खाणारं एकच काम निवडा आणि ते मुलावर न सोपवता स्वतः करून बघा.

कायदा आणि पैसा यांच्या बाबतीत मात्र एआयचा शब्द अखेरचा धरू नका. लघुउद्योगाचं बिल किती दिवसांत मिळालं पाहिजे, असं मी विचारलं. त्यानं ठासून सांगितलं, ४५ दिवस. पण २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार लेखी करार असेल तर ठरलेली मुदत, तीही ४५ दिवसांच्या आतच. करार नसेल तर १५ दिवस. आमचं निम्मं काम फोनवरच्या ऑर्डरीवर चालतं, त्यामुळं हा फरक आम्हाला फार महाग पडला असता. सीएंना विचारलं म्हणून कळलं.

गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग, रेट, कामगारांचे आधार क्रमांक यातलं काहीही चढवू नका. २०२३ मध्ये सॅमसंगच्या इंजिनिअरांनी कंपनीचा कोड चॅटजीपीटीत टाकला होता, त्यानंतर कंपनीनं अशा साधनांवर बंदी घातली. आपण तर गिऱ्हाइकाशी गोपनीयतेच्या कागदावर सह्या केलेल्या असतात.

आता स्टोअरकीपर. ‘काही होणार नाही’ असं त्यांना सांगू नका, कारण ते तुम्हालाही ठाऊक नाही. त्यांना शेजारी बसवा, तक्ता त्यांच्याकडूनच तपासून घ्या. आमच्याकडे ९ आणि १ चा घोळ मी एकदा पकडला, त्यानंतरचे सगळे आमच्या स्टोअरकीपरनी पकडले. आता वहीतला ९ कसा काढायचा, हे तेच सुपरवायझरना शिकवतात.

तीन महिन्यांनी ते कोटेशन बाहेर काढा आणि त्या कंपनीला तुमच्या वहीचं एक पान द्या. म्हणावं, एवढं करून दाखवा.