गाताना गळा भरून आला तर

शोकाच्या काळातल्या ख्रिस्ती गीतांबद्दल खानदेशातून आलेली चार पत्रं या वेळी घेतली आहेत. पत्रं थोडक्यात दिली आहेत, नावं गाळली आहेत.

प्रश्न (नवापूर) : मिस्टरांना जाऊन चार महिने झाले. मातीच्या वेळी म्हटलेलं गीत रविवारी उपासनेत लागलं की पहिल्याच ओळीला गळा दाटतो. बायका वळून बघतात. लाजेनं दोन रविवार गेलेच नाही. काय करू?

उत्तर : ताई, गळा दाटणं हे शरीराचं काम आहे, विश्वासाचं नाही. रडू येतं तेव्हा स्वरयंत्राची फट उघडी राहू पाहते. गिळायला आणि गायला मात्र ती मिटावी लागते. या ओढाताणीचाच घशात गोळा होतो. वरच्या स्वराला ती जास्त घट्ट मिटावी लागते, म्हणून आवाज नेमका ध्रुवपदाच्या चढावर फुटतो.

तेव्हा चढ टाळा. ती ओळ आली की ओठ मिटून खालच्या सुरात गुणगुणा. शब्द सुटले की अर्धं ओझं जातं, कारण टोचतात ते शब्दच. श्वास पुरत नसेल तर ओळ मध्येच तोडा, कुणी हिशेब ठेवत नाही. दाराजवळच्या कडेला बसा, म्हणजे उठून ओट्यावर जाता येतं आणि परत येता येतं. पाळकांनाही (चर्चच्या धर्मगुरूंनाही) आधीच सांगा. एखादं गीत दोन-तीन महिने बाजूला ठेवणं त्यांना जड नाही; अडचण एवढीच की कुणी सांगत नाही.

पण ते गीत कायमचं टाकू नका. टाकलेलं गीत कुठल्या तरी लग्नात अचानक कानावर पडतं आणि तिथं जास्त लागतं. दुपारी घरात कुणी नसताना आठवड्यातून दोनदा एकच कडवं म्हणा. गळा दाटला तर थांबा, घोटभर पाणी प्या आणि कडवं पहिल्यापासून घ्या. तुटल्या ओळीवरूनच पुन्हा सुरू केलं तर आवाज तिथंच पुन्हा तुटतो. घरात मावची (नवापूरकडची आदिवासी बोली) बोलत असाल तर आधी मावचीतलं भजन घ्या. मराठी गीत आपण पुस्तकातून शिकलेलो असतो, मावचीतलं आईच्या तोंडून.

मात्र झोप आणि जेवण सुटलं असेल, जगणंच नको वाटत असेल, तर एकट्या गीतावर भिस्त ठेवू नका. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा 14416 हा सरकारी क्रमांक फुकट आहे. तिथं मराठीत बोलता येतं.

प्रश्न (अमळनेर) : मंडळीत (चर्चच्या सभासदांत) कुणी गेलं की रात्री त्या घरी सांत्वनाची भक्ती असते. आम्ही पाच-सहा तरुण पेटी घेऊन जातो, पण घरचे गातच नाहीत. आमचाच कार्यक्रम होऊन बसतो. कुठं चुकतं?

उत्तर : बहुतेक पट्टीत (सुराच्या उंचीत), गतीत आणि पुस्तकात. 1847 मध्ये वारलेले हेन्री लाइट यांचं ‘संध्याकाळ झाली, माझ्याजवळ राहा’ अशा अर्थाचं गीत पुष्कळ ठिकाणी घेतात. त्याला विल्यम मंक यांची 1861 ची चाल आहे. ती इंग्रजी पुस्तकात ई फ्लॅटमध्ये, म्हणजे पेटीवर काळी दोनमध्ये छापलेली असते. ती रविवारच्या ताज्या गळ्यासाठी ठीक. दिवसभर रडून बसलेल्या घरात तीच खाली पांढरी एकवर आणा. फार खाली नेलं तर बायकांचा खालचा सूर लागत नाही आणि पुरुषांचीच गुरगुर ऐकू येते.

दुसरी गोष्ट गतीची. दुःख आहे म्हणून रेंगाळत गाणं ही सगळ्यात मोठी चूक. शोकात श्वास आखूड झालेला असतो. लांबवलेली ओळ घरच्यांना झेपत नाही आणि ती माणसं गप्प होतात. नेहमीच्या चालण्याच्या ठेक्यावर गा.

तिसरं, पुस्तक. एक दिवा, बारीक टाइप आणि डोळ्यांत पाणी, अशात कोण वाचणार? इथं अभंग कामाला येतो. ना. वा. टिळकांनी (निधन 1919) ख्रिस्ती गीतं अभंग-भजनाच्या वळणानं लिहिली, त्याचा उपयोग अशा रात्री कळतो. मोठ्या अभंगाच्या चरणांत सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्याला यमक. एकानं चरण सांगायचा, बाकीच्यांनी धरायचा. आजीला वाचता येत नसलं तरी दुसऱ्या फेरीला ती बरोबर येते. टाळ हळू वाजवा, ढोलकी घरीच ठेवा.

गीत निवडताना एवढंच बघा, ते बोलतं कुणाशी? ‘रडू नका’ असं बसलेल्यांना सांगणारं गीत पहिल्या रात्री नको. देवाला ‘तू’ म्हणणारं घ्या. बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं स्तोत्र 23 काढून पाहा : मेंढपाळाबद्दल पहिली तीन वचनं ‘तो’ म्हणून आहेत. चौथ्यात मृत्युच्छायेची दरी आली आणि तिथंच ‘तो’चा ‘तू’ झाला. निवड करताना हे वळण डोळ्यांपुढे ठेवा. तीन गीतं, प्रत्येकी दोन-तीन कडवी, वीस मिनिटांत आटपा. मग पेटी मिटून नुसते बसा.

प्रश्न (भुसावळ) : तरुण मुलगा अपघातात गेला, तिसरा महिना चालू आहे. नातेवाईक म्हणतात, चार मुली बुडालेल्या बापानं ‘माझ्या जिवाचं बरं आहे’ असं गीत लिहिलं आणि तुमच्या तोंडून एक ओळ निघत नाही! माझा विश्वास कमी पडतो का?

उत्तर : नाही. ते गृहस्थ म्हणजे शिकागोचे वकील होरेशियो स्पॅफर्ड. 22 नोव्हेंबर 1873 ला अटलांटिकमध्ये जहाज बुडून त्यांच्या चार मुली गेल्या, पत्नी तेवढी वाचली. गीत फिलिप ब्लिस यांच्या चालीसह छापून आलं 1876 मध्ये. म्हणजे मंडळ्यांच्या तोंडी ते आलं तोवर तीन वर्षं गेली होती. तुमच्याकडून ते तिसऱ्या महिन्यात मागणं हा हिशेबच चुकीचा. शिवाय एका बापाचं गीत दुसऱ्या बापाला मोजायची पट्टी म्हणून लावणं बरं नव्हे; नातेवाइकांना हे दाखवलंत तरी चालेल.

स्तोत्रसंहितेत तुमच्यासाठी जागा आहे. स्तोत्र 88 शेवटच्या ओळीतही अंधारातच थांबतं, सांत्वन येत नाही. तरी ते उपासनेच्या पुस्तकात ठेवलेलं आहे. स्तोत्र 13 सहाच वचनांचं. त्यात ‘किती काळ?’ हा सवाल सुरुवातीलाच चार वेळा येतो आणि भरवशाचं वळण पाचव्या वचनात. रात्री पहिली चार वचनं मोठ्यानं वाचा आणि तिथंच थांबा. पुढची दोन घरातल्या कुणाला तरी वाचू द्या. तुम्ही फक्त ऐका.

प्रश्न (धरणगाव) : आम्ही हिंदू. ख्रिस्ती मैत्रिणीचे वडील गेले. भक्तीला बसलो तर चालेल का? गाता येत नाही.

उत्तर : बसा. ते उभे राहिले की उभं राहायचं, डोळे मिटले की गप्प बसायचं, गायलाच हवं असं नाही. कब्रस्तानात मूठभर माती द्यायला बोलावलं तर द्या. आणि जाताना डबा न्या. कढी-खिचडी बरी, रडून सुकलेल्या घशाखाली उतरते.