पॅडलबोर्डवर योगासनं केल्याने तब्येतीला खरंच फायदा होतो का?

वय 47, तीन वर्षं नियमित योगासनं, पोहता जेमतेम येतं, आणि मैत्रीण पॅडलबोर्डवरच्या, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या, उभं राहून वल्हवायच्या लांब फळीवरच्या योगवर्गाला चल म्हणून मागे लागली आहे, असं तुम्ही लिहिलंय. तोल सुधारतो, पोट आत जातं, मन शांत होतं हे तिचं म्हणणं. तुम्हाला मात्र ही फोटोपुरती हौस वाटते. मी गेली चार वर्षं हवा बरी असेल त्या दिवसांत आठवड्यातून एकदा हे करते आहे. माझं मत तुमच्या दोघींच्या मधलं कुठंतरी आहे.

पोटाचं आधी निकालात काढू. बोर्डवर सगळं इतकं सावकाश करावं लागतं की एका तासात घाम सुद्धा धड येत नाही. वजन उतरवायचं असेल तर त्याच बोर्डवर उभं राहून तासभर वल्हं मारा, ते जास्त कामाला येईल.

तोलाची गोष्ट जरा गुंतागुंतीची आहे. तोल सांभाळायला मेंदू तीन ठिकाणांहून खबर घेतो: डोळे, कानाचा आतला भाग, आणि पावलं, घोटे, गुडघे यांच्या स्नायूंतल्या आणि सांध्यांतल्या मज्जातंतू. घरी वृक्षासन करताना आपण समोरच्या भिंतीवरचा एखादा ठिपका नजरेने धरतो आणि निम्मं काम डोळ्यांवर ढकलतो. पाण्यावर भिंत नसते. जवळच्या लाटेकडे पाहिलंत तर नजर हलत्या गोष्टीला धरते आणि तुम्ही पाण्यात. काठावरचं झाड धरलं तरी खालून बोर्ड हलतोच, म्हणून घोट्यांना आणि कंबरेभोवतीच्या स्नायूंना एक क्षणही सुट्टी मिळत नाही. दुसऱ्या दिवशी तळपायाच्या कमानी दुखतात, तेव्हा कळतं की तिथे स्नायू आहेत.

पण म्हणून तोल झपाट्याने सुधारतो असं नाही. 2016 साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांचा एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. तो नुसत्या पॅडलबोर्डिंगवर होता, योगावर नव्हे. सवय नसलेल्या लोकांनी 6 आठवडे वल्हवलं. त्यांचा दमसास वाढला, धडाचे स्नायू जास्त वेळ तग धरू लागले, पण तोलाच्या चाचण्यांत दखल घ्यावी असा फरक दिसला नाही. मला याचं नवल वाटलं नाही. तोल बराचसा त्या त्या कामापुरता असतो. बोर्डवर मी आता आरामात उभी राहते, तरी घरी डोळे मिटून एका पायावर उभी राहिले की पूर्वीइतकीच डुलते. ताकदीचंही तसंच. खालची जमीन हलत असली की स्नायूंची बरीचशी शक्ती स्थिर राहण्यातच जाते, जोर लावायला कमी उरते. ताकद आणि लवचीकपणा यांसाठी मॅटच बरी.

मग मी जाते कशाला? कारण बोर्ड चुगली करतो. माझा डावा घोटा बऱ्याच वर्षांपूर्वी मुरगळला होता, तो बरा झालाय असं मी धरून चालले होते. पहिल्याच महिन्यात लक्षात आलं की उत्कटासनात गुडघे वाकवले की बोर्ड दर वेळी उजवीकडेच कलतो. पाण्याचा दोष म्हणून मी दिशा बदलून उभी राहिले, तरी उजवीकडेच. मी नकळत सगळा भार उजव्या पायावर टाकत होते. मॅटवर हे कधीच दिसलं नसतं, कारण जमीन सगळं खपवून घेते. त्यानंतर घरी मी डाव्या पायाचे व्यायाम सुरू केले, आणि खरा फायदा त्या व्यायामांनी झाला.

श्वासाचंही असंच. बोर्ड डगमगला की आपण श्वास रोखतो, अंग ताठ होतं, आणि ताठ माणूस सर्वांत आधी पडतो. मन शांत होतं म्हणतात त्यातलं एवढं मला पटतं: तिथे उभं राहून उद्याच्या कामाचा विचार करताच येत नाही. शवासनात दोन्ही हात पाण्यात सोडून पडायचं सुख मात्र वेगळंच, त्याला शास्त्रीय कारण शोधायला मी जात नाही.

जायचं ठरवलंत तर बोर्ड रुंद घ्या, निदान 32 इंच. लांबी दहा फुटांच्या वर असते, त्यामुळे तो पुढे-मागे फारसा झुकत नाही, कलतो तो बाजूला. मधोमध उचलायची मूठ असते, तिच्याभोवती शरीराचा भार ठेवायचा. सुरुवात मार्जरासन, बालासन, अधोमुख श्वानासन अशा हात किंवा गुडघे टेकणाऱ्या आसनांनी करा. वृक्षासन सर्वांत शेवटी, शीर्षासन तर उथळ पाण्यात नकोच. माणसं आसनात कमी पडतात, एका आसनातून दुसऱ्यात जाताना जास्त. पडताना बोर्डपासून लांब, सपाट पडा. सूर मारल्यासारखं डोकं पुढे करू नका.

तुम्हाला पोहता जेमतेम येतं, म्हणून लाइफ जॅकेट घालाच, त्यात एखादं आसन जमलं नाही तरी चालेल. बोर्डला नांगर हवा आणि सोबत शिकवणारं कुणीतरी हवं. सकाळी लवकर जा, तेव्हा वारा बहुधा पडलेला असतो; काठाकडून आत वाहणारा वारा असेल त्या दिवशी सरळ घरी परता, कारण फुगवलेला बोर्ड शिडासारखा ओढला जातो. पाण्यावरून परतणारं ऊन हनुवटीखाली सुद्धा भाजतं. चक्कर येण्याचा त्रास, फिट्स, कानाचा संसर्ग यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि चष्मा असेल तर त्याला मागून दोरी बांधा. माझा पहिला चष्मा अजून तळाशीच आहे.