नवीन आशा ताईला: बाळाचं वजन ठीक आहे म्हणून सोडू नकोस

अगं नवीन लागलीयेस ना, तर एक सांगते, बाळ अडीच किलोच्या वर भरलं की आपण कार्डावर लिहून मोकळ्या होतो, तसं करू नकोस. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या ६ गावांतल्या गरोदर बायका आणि पुढे त्यांची मुलं बघितली, तर बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडच्या बाळांपुढे हडकुळीच, स्नायू कमी पण कातडीखालची चरबी मात्र बऱ्यापैकी टिकलेली! म्हणजे पुढच्या डायबेटिसची तयारी पोटातच. आणि ज्या आयांचं बी१२ व्हिटॅमिन कमी नि फोलेट (म्हणजे आपलं फोलिक) जास्त, त्यांच्या मुलांत ६ व्या वर्षीच इन्सुलिन रेझिस्टन्स (म्हणजे शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही) जास्त दिसला. म्हणून नुसत्या गोळ्या वाटू नकोस, बी१२ साठी दूध-दही पोटात जातंय का, अंडं चालतं का तेही विचार (फोलिकच्या गोळ्या बंद नाही हं करायच्या). लोहाची गोळी चहाबरोबर नको, कॅल्शियमबरोबरही नको, आणि हे सासूसमोरच सांग, चहा बहुतेक तीच करते. बाळ बारीक दिसलं की घरचे बिस्किटं भरवायला लागतात, तिथे जरा खमकी हो, ६ महिने फक्त अंगावरचं दूध, मग घट्ट वरणभात. आणि शाळेतल्या मोठ्या मुलींचं हिमोग्लोबिन आत्ताच बघ, दिवस गेल्यावर भरून काढायला वेळ पुरत नाही.